क्लॉड : एका दुय्यम बोक्याची थोरवी

एका श्रीमंत घराच्या दिवाणखान्यात, शेकोटीसमोर, एक पिवळा बोका गाढ झोपलेला आहे. उंदीर पकडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून त्याला बक्षिसं मिळालेली आहेत. घर त्याच्या धाकात आहे आणि त्याला आता कुणाकडून काही नको आहे. ऊब आणि झोप मिळाली की झालं. पण त्याच घरावर दोन उंदरांचा डोळा आहे. या बोक्याशी झुंज घेऊन आपण जिंकणार नाही, हे त्यांनी ओळखलं आहे. म्हणून ते त्याच्या नखांना हात लावत नाहीत, दातांना लावत नाहीत; ते त्याच्या मनाला हात घालतात. धुरांड्यातून उतरून ते त्याला झोपेत त्रास देतात आणि तो डोळे उघडेपर्यंत दिसेनासे होतात. बोक्याला वाटू लागतं, आपल्यालाच काहीतरी होतंय. शेवटी एकदा जाग येते तेव्हा सगळं सामानसुमान छताला ठोकलेलं असतं. खिडकी उघडावी तर बाहेरचं जग उलटं. दुसरी उघडावी तर समोर पाणी आणि मासे. बोका घर सोडून पळतो. उंदीर त्याच्या शेकोटीपाशी पाय पसरून बसतात.

हा चित्रपट म्हणजे 'माउस रेकर्स'. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकेल माल्टीझ यांची, संगीत कार्ल स्टॉलिंग यांचं, निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची. एप्रिल १९४९ मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याआधीच १९४८ सालच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं होतं. पुरस्कार मिळाला तो टॉम आणि जेरीच्या 'द लिटल ऑर्फन'ला. टॉमचं नाव पुढे जगभर घराघरांत गेलं. 'माउस रेकर्स'मधल्या बोक्याचं नाव मात्र हा चित्रपट दहा वेळा पाहिलेल्या माणसालाही चटकन आठवत नाही. त्याचं नाव क्लॉड.

हे पुस्तक क्लॉडविषयी आहे. जुन्या विनोदी ॲनिमेशनपटांतल्या या बाजूच्या पात्रावर एक अख्खं पुस्तक का लिहावं, याचं उत्तर या प्रस्तावनेत द्यायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर असं: टॉम, सिल्व्हेस्टर ही मांजरं नावारूपाला आली ती त्यांच्या धावण्यामुळे. क्लॉडच्या चित्रपटांत धावण्यापेक्षा घाबरण्याला महत्त्व आहे, आणि ही भीती बाहेरून येत नाही, ती त्याच्या डोक्यात तयार होते. मनात उगवणाऱ्या भीतीचा विनोद सात मिनिटांत कसा उभा करायचा, हे चक जोन्स या बोक्यावर शिकले. तो दुय्यम होता म्हणूनच हे शक्य झालं.

क्लॉडची कारकीर्द छोटी आहे. 'माउस रेकर्स'मधले ते दोन उंदीर, ह्यूबी आणि बर्टी, १९४३ च्या 'द ॲरिस्टो-कॅट'मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आले. त्यातला लाडावलेला बोका अजून पुरता क्लॉड झालेला नाही, त्याचं रूपही वेगळं आहे, पण स्वभावाचं बीज तिथंच पडलं आहे. मग 'माउस रेकर्स'. १९५० मध्ये 'द हायपोकॉन्ड्रि-कॅट' आणि १९५१ मध्ये 'चीज चेसर्स'. याच सुमारास त्याच्यासमोर फ्रिस्की नावाचं एक कुत्र्याचं पिल्लू आलं: १९५० च्या अखेरीस 'टूज अ क्राउड', १९५२ मध्ये 'टेरिअर-स्ट्रिकन' आणि १९५४ मध्ये 'नो बार्किंग'. त्याच १९५४ मध्ये 'फिलाइन फ्रेम-अप'मध्ये तो खलनायक म्हणून दिसला, आणि त्या वर्षी त्याची खरी कारकीर्द संपली. हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच चित्रपट, प्रत्येक साधारण सात मिनिटांचा. सगळे सलग पाहिले तर एक तास पुरतो.

या एका तासात नेमकं काय आहे, हे समजून घ्यायला आधी मांजराच्या नोकरीबद्दल बोलावं लागेल.

विनोदी ॲनिमेशनपटांतलं मांजर घरात फुकट राहत नाही. त्याला उंदीर मारण्यासाठी ठेवलेलं असतं, आणि काम चुकलं तर त्याची रवानगी दाराबाहेर होते. १९४० च्या 'पुस गेट्स द बूट'मध्ये, जिथं टॉम पहिल्यांदा आला आणि त्याचं नाव तेव्हा जॅस्पर होतं, घरातली बाई त्याला बजावते की आता आणखी एक वस्तू फुटली तर तू बाहेर. पुढची सगळी धावपळ या एका धमकीवर उभी आहे. चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, १९३८ चा 'द नाइट वॉचमन', तर सरळ नोकरीचीच गोष्ट सांगतो. स्वयंपाकघराची रात्रपाळी करणारा बाप आजारी पडतो, म्हणून त्याचं पिल्लू त्याच्या जागी पहाऱ्याला उभं राहतं, आणि उंदरांची टोळी त्या कोवळ्या पहारेकऱ्याला दमात घेते. जोन्स यांच्या पहिल्याच चित्रपटात मांजर हा पगारी नोकर आहे आणि त्याला आपण या कामाला पुरे पडू की नाही याची धास्ती आहे. दहा वर्षांनंतरच्या क्लॉडचं मूळ मला तिथं दिसतं.

'द ॲरिस्टो-कॅट'मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने येते. हा बोका नोकरांच्या जिवावर वाढलेला. त्याच्या खोड्यांना कंटाळून बटलर घर सोडून जातो, आणि बोक्याच्या लक्षात येतं की आपल्याला स्वतःचं पोट भरता येत नाही. मांजरं उंदीर खातात हे त्याला पुस्तकातून कळतं, पण उंदीर दिसतो कसा हे ठाऊक नसतं. ह्यूबी आणि बर्टी त्याला पटवून देतात की शेजारचा बुलडॉग हाच उंदीर. पुढचा मार सांगायला नको. पण या चित्रपटाचं मोल त्या मारात नाही, भिंतींत आहे. बोका एकटा पडल्याचं त्याला उमगतं तेव्हा त्याच्या मागच्या भिंतींवरची मोठमोठी नक्षी पडदा व्यापून टाकते. बर्निस पॉलिफ्का आणि यूजीन फ्ल्युरी यांनी उभ्या केलेल्या या पार्श्वभूमीत घर हे घर राहत नाही. बोक्याच्या मनातली घालमेल भिंतीवर उतरते. त्या काळच्या बहुतेक विनोदी ॲनिमेशनपटांत पार्श्वभूमीचं काम एवढंच होतं की पात्र कुठं उभं आहे ते कळावं. इथं ती पात्राला काय वाटतंय ते सांगते.

'माउस रेकर्स'मध्ये हीच कल्पना टोकाला जाते. छताला ठोकलेलं सामान हा निव्वळ गमतीचा प्रकार असता तर एक-दोन हशे मिळवून विरला असता. माल्टीझ आणि जोन्स यांनी आधीची काही मिनिटं क्लॉडला स्वतःच्या शहाणपणावर शंका घ्यायला लावली, आणि मग ती खोली त्याच्यासमोर ठेवली. आपल्याला, प्रेक्षकांना, सगळं ठाऊक आहे: उंदरांनी काय केलं, कसं केलं. क्लॉडला काहीच ठाऊक नाही. तो जमिनीवर उभा आहे आणि त्याला खात्री आहे की आपण छताला लटकलो आहोत. एकच चित्र पाहताना आपल्याला हसू येतं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. विनोदातली ही दरी, पाहणाऱ्याचं ज्ञान आणि भोगणाऱ्याचं अज्ञान यांच्यातली, क्लॉडच्या चित्रपटांत जितकी रुंद आहे तितकी त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच मांजराच्या बाबतीत मला आढळलेली नाही. जोन्स यांना स्वतःलाही ही कल्पना सोडवली नसावी, कारण एमजीएमसाठी काम करताना १९६५ मध्ये 'द इयर ऑफ द माउस'मध्ये त्यांनी हेच कथानक टॉमवर पुन्हा बेतलं. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. टॉमला त्रास होतो; क्लॉड खचतो.

'द हायपोकॉन्ड्रि-कॅट'मध्ये उंदरांना सामान हलवण्याचीही गरज उरत नाही. क्लॉडला आजारांची धास्ती आहे. गोळ्या-औषधांचा त्याचा संसार मोठा आहे. उंदीर नुसतं म्हणतात, तुझा रंग हिरवा दिसतोय, आणि तो हिरवा होतो. जांभळा म्हटलं की जांभळा. मग चौकटीच्या कापडासारखा. शस्त्रक्रियेचं नाटक होतं, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं की तू आता या जगात नाहीस. क्लॉड तेही मानतो. पाठीला पंख लावून आणि फुगा बांधून उंदीर त्याला निरोप देतात आणि तो शांतपणे आकाशात निघून जातो. शब्दाने माणूस आजारी पडतो हे आपण सगळे जाणतो. आपल्याकडे प्रत्येक घरात 'चेहरा उतरलाय तुझा, बरं नाही का?' असं विचारून धडधाकट माणसाला अंथरुणावर घालणारं कुणी ना कुणी असतं. जोन्स यांनी ते रंगांत दाखवलं. रंगीत चित्रपटात रंग हा विनोदाचा मुख्य आधार कसा होऊ शकतो, याचा इतका साधा आणि नेमका धडा दुसरा शोधून सापडायचा नाही.

'चीज चेसर्स' हा या मालिकेतला सगळ्यात खोल चित्रपट, असं माझं मत आहे. चीज खाऊन खाऊन ह्यूबी आणि बर्टी यांना त्याची इतकी शिसारी येते की त्यांच्या लेखी जगण्यात राम उरत नाही. ते स्वतःहून क्लॉडकडे येतात आणि म्हणतात, खा आम्हाला. क्लॉड घाबरतो. उंदीर जर स्वतःच्या पायांनी तोंडात शिरत असतील तर काहीतरी भयंकर चुकलं असणार. तो खात नाही. मग त्याच्या ध्यानात येतं की आता आपल्याला उंदीर खाववणारच नाही. म्हणजे मांजर म्हणून जगण्यात काय अर्थ? तो बुलडॉगकडे जाऊन मार मागतो. बुलडॉग सगळा हिशेब आकडेमोडीच्या यंत्रावर मांडून पाहतो, हिशेब काही लागत नाही, आणि तोही भडकून कुत्री पकडणाऱ्या गाडीमागे धावत सुटतो. त्याच्यामागे क्लॉड, क्लॉडमागे उंदीर. पाठलागाचा सगळा क्रम उलटा झालेला: ज्याने पळायचं तो पाठलाग करतोय आणि ज्याने खायचं तो जीव घेऊन पळतोय. उंदीर-मांजर-कुत्रा ही साखळी विनोदी ॲनिमेशनचा पाया आहे. या चित्रपटाने सात मिनिटांत तो पाया उखडून दाखवला, आणि हसवत हसवत. ह्यूबी आणि बर्टी यांचा हा शेवटचा चित्रपट. त्यांच्यासाठी यापुढे सांगायची गोष्ट तरी कोणती उरली होती?

फ्रिस्की पिल्लाबरोबरच्या तीन चित्रपटांत क्लॉडची भीती बोलणं सोडून देते. इथं डावपेच नाहीत, फसवणूक नाही. पिल्लू निरागस आहे, हुंगत फिरतं, आणि क्लॉड पाठमोरा असताना अचानक भुंकतं. क्लॉड सरळ उडतो आणि छताला नखं रुतवून लटकतो. एवढंच. पुन्हा पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी हसू येतं. हे का जमतं, याचा शोध घेण्यासाठी या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण खर्ची पडलं आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. सात मिनिटांत दहा हजारांवर चौकटी येतात. भुंकण्याआधीची शांतता किती चौकटींची, उडी किती चौकटींची, छतावरून खाली पाहतानाचा क्लॉडचा चेहरा किती वेळ स्थिर ठेवायचा, यावर सगळा खेळ आहे. उडी इतकी झटपट होते की डोळ्यांना ती दिसत नाही, जाणवते. आणि नंतरचा थांबा हवा त्यापेक्षा थोडा जास्त असतो. एरवी एका चित्रपटावर चार-पाच ॲनिमेटर काम करत. 'नो बार्किंग'चं सगळं ॲनिमेशन एकट्या केन हॅरिस यांनी केलं आहे. त्यामुळे क्लॉडच्या चालीत, दचकण्यात, दमून खाली उतरण्यात एकाच हाताची सलगता आहे. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींनी दुसरं काही पाहिलं नाही तरी हा एक चित्रपट चौकट थांबवत थांबवत पाहावा.

या चित्रपटांत क्लॉड बोलत नाही, म्हणून कानाकडेही लक्ष द्यावं. पिल्लाचं भुंकणं मेल ब्लँक यांचं. ध्वनिपरिणाम ट्रेग ब्राउन यांचे. आणि बाकीची पोकळी कार्ल स्टॉलिंग यांच्या वाद्यवृंदाने भरलेली. मुक्या चित्रपटांच्या काळात पडद्यासमोर बसून साथ करण्याचा अनुभव स्टॉलिंग यांच्या गाठीशी होता. भुंकण्याच्या क्षणी ते संगीत थांबवतात आणि क्लॉड खाली उतरताना एखादं वाद्य त्याच्या पावलांबरोबर उतरवतात. डोळे मिटून ऐकलं तरी क्लॉड कुठं आहे ते कळतं.

'फिलाइन फ्रेम-अप'मधला क्लॉड मात्र वेगळा. मार्क अँथनी हा दांडगा बुलडॉग आणि पुसीफुट हे त्याच्या पाठीवर झोपणारं काळं पिल्लू. ही जोडी १९५२ च्या 'फीड द किटी'मधून प्रेक्षकांची लाडकी झालेली. क्लॉड घरमालकाच्या मनात भरवतो की कुत्रा पिल्लाला खायला टपला आहे, आणि कुत्र्याला बाहेर काढायला लावतो. शेवटी मार्क अँथनी त्याच्याकडून लेखी कबुली घेतो. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसंच क्लॉडला वाटतं आपलं कपट कुणाला दिसत नाही. पण या खलनायकीचं मूळही भीतीतच आहे, आणि हे लक्षात आलं की चित्रपट उलगडतो: घरातली आपली जागा दुसरा कुणी घेईल ही ती भीती. 'माउस रेकर्स'मध्ये घर गमावलेला बोका इथं दुसऱ्याला घराबाहेर काढतो. चार-पाच वर्षांत एका दुय्यम पात्राचा इतका प्रवास झाला, आणि तो कुणी आखून केलेला नव्हता.

इथं दुय्यमपणाचा मुद्दा येतो. नायकाला बांधून घ्यावं लागतं. टॉमने जेरीमागे धावलंच पाहिजे, रोडरनरने निसटलंच पाहिजे; प्रेक्षक त्यासाठी तिकीट काढून आलेला असतो. त्याच्या सवयी, त्याचे शब्द, त्याचे कपडे ठरून जातात, आणि ते मोडले तर प्रेक्षकांची निराशा होते. क्लॉडकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. म्हणून एका चित्रपटात तो बोलका, दुसऱ्यात मुका. कधी शिकारी, कधी रोगी, कधी कारस्थानी. त्याला मोडून पाहता येत होतं. १९४९ हे वर्ष जोन्स यांच्यासाठी फार भरघोस होतं: त्याच वर्षी रोडरनर आणि कायोटी यांचा 'फास्ट अँड फ्युरी-अस' आला, पेपे ल प्यू या स्कंकच्या 'फॉर सेंट-इमेंटल रीझन्स'ला ऑस्कर मिळालं. रोडरनरची मोठी मालिका तिथून निघाली. क्लॉडच्या मालिकेत मात्र प्रत्येक चित्रपट स्वतःच्या नियमांनी चालतो. कायोटी दरीच्या कडेला थांबून प्रेक्षकांकडे पाहतो, तो जगाच्या निष्ठुरपणाचा बळी आहे हे त्याच्या नजरेतून कळतं. त्या नजरेची तालीम छताला लटकलेल्या क्लॉडच्या चेहऱ्यावर चालू होती, असं हे चित्रपट सालवार पाहताना मला ठामपणे वाटतं.

हे पुस्तक कोलकात्यातल्या गार्डन रीचमध्ये लिहिलं गेलं, याचाही त्याच्या स्वभावाशी संबंध आहे. हुगळीकाठची ही वस्ती मराठी माणसाला अगदीच परकी नाही. बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय इथं होतं; १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली तेव्हाही ते इथंच राहिलं, आणि २००३ मध्ये वेगळा झोन होईपर्यंत नागपूरचा रेल्वे विभाग या मुख्यालयाच्या अखत्यारीत होता. त्यामुळे बदलीवर इकडे आलेली आणि इथंच रुळलेली मराठी घरं रेल्वेच्या वसाहतीत असत. माझंही त्यांपैकीच एक. नव्वदच्या दशकात, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर, आमच्या वसाहतीतली मराठी, बंगाली, तेलुगू मुलं एकत्र बसून हे जुने चित्रपट पाहत. इंग्रजी फारसं कुणाला येत नव्हतं. क्लॉड उडाला की सगळे एकाच वेळी हसत.

गार्डन रीच ही कामाची वस्ती आहे. १८९२ मध्ये खुला झालेला खिदिरपूरचा गोदी-भाग, आताची नेताजी सुभाष गोदी, जहाजबांधणीचा कारखाना, मटियाबुर्जच्या शिवणकामाच्या खोल्या आणि कापडाचे गठ्ठे. गोदाम आलं की धान्य आलं, धान्य आलं की उंदीर, आणि उंदीर आला की मांजर. इथल्या मांजराला कुणी कुरवाळत नाही, पण त्याला हाकलतही नाही. त्याचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. याच वस्तीत १८५६ मध्ये अवधचे नवाब वाजिद अली शाह राज्य गमावून आले आणि त्यांनी आपला मोठा प्राणिसंग्रह उभा केला. त्यांच्या वाघांची नोंद इतिहासात आहे. १८७९ मध्ये एक वाघ निसटून नदी पोहून पलीकडच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये गेल्याचं आजही सांगितलं जातं. १८८७ मध्ये नवाब गेले आणि तो संग्रह विकला गेला. गोदामातली मांजरं राहिली. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. गाजलेल्यांच्या सावलीत राहून काम करणाऱ्यांकडे पाहायला मी याच वस्तीत शिकलो, आणि क्लॉडकडे माझं लक्ष गेलं तेही त्यामुळेच.

मराठीत हे पुस्तक असावं असं वाटण्यालाही कारण आहे. हलत्या चित्रांशी आपलं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगकाड्या नाचवल्या. १९३४ मध्ये कोलकात्यात न्यू थिएटर्सने 'द पी ब्रदर्स' केला, आणि त्याच वर्षी प्रभातने 'जंबुकाका' हा कोल्ह्याचा ॲनिमेशनपट केला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथं शिकवायला आले. त्यांच्याकडे शिकलेल्या राम मोहन यांनी पुढे भारतीय ॲनिमेशनच्या कित्येक पिढ्या घडवल्या. आज पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंतून शेकडो मराठी मुलंमुली हे काम करतात. पण या कलेवर मराठीत बारकाईने लिहिलेलं फार कमी सापडतं. चित्रपटावर लिहिताना आपण कथा आणि गाणी यांविषयी लिहितो. एका उडीला किती चौकटी लागतात, भिंतीच्या नक्षीने भीती कशी दिसते, याविषयी लिहीत नाही. ॲनिमेशन म्हणजे मुलांची करमणूक, असं म्हणून आपण तो विषय बाजूला ठेवतो. मला हे मान्य नाही. जी कला सात मिनिटांत एका प्राण्याचा आत्मविश्वास उभा करून मोडून दाखवते, तिच्याकडे मोठ्यांनीही मोठ्यांच्या लक्षाने पाहायला हवं.

पुस्तकाची रचना साधी आहे. प्रत्येक चित्रपटाला एक प्रकरण, सालाच्या क्रमाने. प्रत्येक प्रकरणात आधी कथा, मग एक प्रसंग निवडून त्याची चौकटीगणिक उकल, आणि शेवटी त्या चित्रपटाने क्लॉडमध्ये काय भर घातली त्याची नोंद. 'द नाइट वॉचमन' आणि 'फीड द किटी' यांवर दोन लहान जोडप्रकरणं आहेत, कारण त्यांच्याशिवाय क्लॉडची गोष्ट अपुरी राहते. वाचकांना एक विनंती आहे: प्रकरण वाचण्याआधी तो चित्रपट पाहावा, वाचून झाल्यावर पुन्हा पाहावा, आणि दुसऱ्या वेळी आवाज बंद ठेवून पाहावा. घरात मुलं असतील तर त्यांच्यासोबत पाहावा. कुठं हसतात आणि कुठं गप्प होतात, याकडे लक्ष ठेवावं. मुलांच्या हसण्याच्या जागा मी या पुस्तकात फार उपयोगी पुरावा म्हणून वापरल्या आहेत.

नायकावर लिहिणं सोपं असतं, कारण त्याच्याविषयी काय म्हणायचं ते लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. दुय्यम पात्रावर लिहिताना प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागते: तो कसा बसतो, कशाला भितो, कुणाच्या घरात राहतो आणि ते घर गेलं तर त्याचं काय होतं. कथा लिहिणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला आणि नुसतं आवडीने पाहणाऱ्यालाही ही सवय लागावी, म्हणून हे पुस्तक लिहिलं. ती लागली तर क्लॉडपाठोपाठ अशी आणखी पुष्कळ पात्रं सापडतील, आणि त्यांच्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारेही पुढे येतील.

गार्डन रीच, कोलकाता